प्रयोगाचा उरलेला अर्धा भाग

नैराश्यावरची गोळी चालू असताना कोणी एक्स्टसी, मेफेड्रोन किंवा तत्सम नशेचा पदार्थ घेतला तर शरीरात नेमके काय घडते, हा प्रश्न मला पूर्वी तोंडी परीक्षेच्या आसपासच विचारला जाई. आता तो वर्षभर येतो, आणि विचारणारे नेहमी विद्यार्थीच असतात असे नाही. मी नवी मुंबईतल्या एका फार्मसी महाविद्यालयात औषधशास्त्र शिकवते आणि राहते ठाण्याला. या दोन्ही शहरांत 'एमडी', म्हणजे मेफेड्रोन, पकडल्याची बातमी वर्तमानपत्राच्या स्थानिक पानावर आता कोणाला नवलाची वाटत नाही. दुसरीकडे, एस्सिटालोप्रामसारख्या नैराश्यावरच्या गोळ्या औषधाच्या दुकानात रक्तदाबाच्या आणि मधुमेहाच्या गोळ्यांइतक्याच सहजपणे काउंटरवर येतात, आणि ते चांगलेच आहे, कारण मनाच्या आजारावर उपचार घेण्याचा संकोच निदान थोडा तरी ओसरला आहे. या दोन गोष्टी एकाच घरात, कधी एकाच माणसाच्या आयुष्यात एकत्र येतात, तेव्हा हा प्रश्न उभा राहतो.

त्याचे जे काही उत्तर शास्त्राकडे आहे, त्यातला मोठा भाग प्राण्यांवरील प्रयोगांतून आला आहे. माणसांना जाणूनबुजून धोकादायक मिश्रण देऊन पाहण्याची परवानगी कोणतीही नीतिसमिती देणार नाही आणि देऊही नये. मात्र या प्रयोगांचा निम्माच निष्कर्ष लोकांपर्यंत पोहोचतो आहे, याची मला मनापासून काळजी वाटते. एका माजी विद्यार्थ्याने मला अगदी खात्रीने सांगितले होते, "मॅडम, गोळी चालू असली की काही होत नाही. उंदरांचा मेंदू वाचतो, पेपरमध्येच आहे." त्याने पेपर खरोखरच वाचला होता. त्यातले वाक्यही खरे होते. त्या वाक्याच्या शेजारी जे दुसरे वाक्य ठेवायला हवे, ते मात्र वेगळ्या पेपरमध्ये होते.

आधी त्या पहिल्या वाक्याबद्दल. मेंदूतली एक चेतापेशी सेरोटोनिन हे निरोप पोहोचवणारे रसायन बाहेर सोडते आणि काम झाल्यावर ते एका वाहक प्रथिनाच्या साहाय्याने परत आत घेते. फ्लुऑक्झेटीन, सिटालोप्राम, पॅरॉक्झेटीन ही औषधे या वाहकाला अडवतात, त्यामुळे सेरोटोनिन बाहेर अधिक काळ राहते. एमडीएमए, म्हणजे एक्स्टसीमधला मूळ पदार्थ, याच वाहकाचा वापर करून पेशीत शिरतो, तिथला साठा मोकळा करतो आणि वाहकाला उलट्या दिशेने चालवून सेरोटोनिनचा मोठा लोट बाहेर काढतो. वाहक आधीच अडवलेला असेल तर एमडीएमएला आत शिरता येत नाही आणि तो लोटही येत नाही. १९८७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत रॅटना, म्हणजे प्रयोगशाळेतल्या थोराड उंदरांना, एमडीएमएबरोबर फ्लुऑक्झेटीन दिले गेले. आठवड्यानंतर तपासले तेव्हा मेंदूच्या बाह्यपटलातील सेरोटोनिनची जी घट एरवी दिसते, ती या रॅटमध्ये दिसली नाही. याहून विलक्षण गोष्ट अशी की फ्लुऑक्झेटीन एमडीएमएनंतर काही तासांनी दिले तरीही संरक्षण मिळत होते. याचा अर्थ असा की सेरोटोनिन एकदम बाहेर पडणे ही एक घटना आणि चेतातंतूंची टोके झिजणे ही दुसरी, आणि त्या दुसऱ्या घटनेला वेळ लागतो. संशोधनाच्या दृष्टीने हा अतिशय सुंदर प्रयोग आहे. वर्गात तो शिकवताना मला आजही तितकाच आनंद होतो.

आता दुसरे वाक्य. एमडीएमएमुळे माणसे दगावतात त्यांतल्या अनेक मृत्यूंमागे शरीराचे बेसुमार वाढलेले तापमान असते. त्यापाठोपाठ स्नायू विरघळतात, रक्त गोठण्याची यंत्रणा बिघडते, मूत्रपिंडे निकामी होतात. चेतातंतूंची टोके झिजण्याचा परिणाम काही आठवड्यांनी मोजला जातो, हा मृत्यू मात्र एका रात्रीत येतो. १९९६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या रॅटवरील अभ्यासात असे दिसले की फ्लुऑक्झेटीनने मेंदूतल्या सेरोटोनिनचे रक्षण केले, पण एमडीएमएने चढलेले शरीराचे तापमान त्याने खाली आणले नाही. गोळीने ज्या गोष्टीला अडवले ती वेगळी आणि जिच्यामुळे त्याच रात्री जीव जातो ती वेगळी. माझ्या त्या विद्यार्थ्याच्या हातात यातली पहिलीच गोष्ट पडली होती.

तापमानाच्या या बाबतीत थोडे थांबावेसे वाटते, कारण आपल्याकडच्या वाचकाला ही गोष्ट अंगाने कळते. १९९८ मध्ये शिकागोच्या संशोधकांनी रॅटना एमडीएमए देताना खोलीचे तापमान २० ते ३० अंश सेल्सिअसच्या दरम्यान दोन-दोन अंशांनी बदलून पाहिले. गार खोलीत रॅटच्या शरीराचे तापमान उतरले, उबदार खोलीत ते चढले, आणि मेंदूतल्या हानीचे प्रमाणही त्याच्याबरोबर वर-खाली झाले. पदार्थ तोच, मात्रा तीच, जनावरांची जातही तीच. बदलले ते फक्त खोलीतल्या हवेचे काही अंश. मे महिन्यात ठाण्यात किंवा वाशीत रात्री अकरा वाजताही पारा तिशीच्या आसपास असतो आणि दमटपणामुळे घाम वाळत नाही, हे इथे राहणाऱ्याला सांगावे लागत नाही. पाश्चात्त्य प्रयोगशाळेतल्या २२ अंशांच्या खोलीत निघालेला निष्कर्ष इथल्या बंद हॉलमधल्या गर्दीला जसाच्या तसा लावता येत नाही, याचे कारण त्या प्रयोगातच लिहिलेले आहे.

रॅटला घाम येत नाही. तो शेपटीतल्या रक्तवाहिन्या रुंद करून उष्णता बाहेर टाकतो आणि फारच उकडले तर स्वतःची लाळ अंगाला फासतो. एम.फार्म.च्या काळात आमच्या ॲनिमल हाउसमधले वातानुकूलन एका दुपारी बंद पडले तेव्हा मी हे जवळून पाहिले. एरवी भाताच्या तुसात एकमेकांच्या अंगावर चढून झोपणारे विस्टार जातीचे ते पांढरे रॅट पिंजऱ्यात एकमेकांपासून जमेल तितके लांब, पोट जाळीला टेकवून, पाय फाकवून पसरले होते. त्यांच्या गळ्याखालचे केस लाळेने ओले होऊन चिकटले होते, आणि एरवी बोटाला गार लागणारी शेपटी चक्क गरम लागत होती. आमच्या मार्गदर्शक बाईंनी त्या दिवशीच्या सगळ्या नोंदी रद्द करायला लावल्या, जनावरांना गार खोलीत हलवेपर्यंत त्या स्वतः तिथून हलल्या नाहीत, आणि खोलीचे तापमान लिहिल्याशिवाय कोणतेही निरीक्षण वहीत उतरवायचे नाही, असे त्यांनी आम्हाला बजावले. एमडीएमए दिल्यावर सशाच्या कानांतल्या रक्तवाहिन्या आकसतात, उष्णता बाहेर जाण्याची वाटच बंद होते, हे मी पुढे वाचले तेव्हा मला ती गरम शेपटी आठवली. उकाडा असूनही ती शेपटी गार राहिली असती तर आतल्या जिवाचे काय झाले असते, याची कल्पना मला तेव्हा प्रथमच नीट आली.

गर्दीचेही तसेच आहे. ॲम्फेटामाइन या उत्तेजकाची ठरावीक मात्रा एकेकट्या ठेवलेल्या माऊसपेक्षा, म्हणजे लहान उंदरापेक्षा, एका पिंजऱ्यात दाटीने ठेवलेल्या माऊसना कितीतरी अधिक घातक ठरते, हे १९४० मध्येच नोंदले गेले होते. नैराश्यावरचे औषध गर्दी कमी करत नाही, हवा गार करत नाही आणि तहान भागवत नाही.

मात्र 'नैराश्यावरचे औषध' असे एकवचनात बोलणेच या विषयात धोक्याचे आहे. वाहकाला अडवणाऱ्या गोळ्यांची गोष्ट वर आली. मोनोअमाइन ऑक्सिडेज या विकराला (एन्झाइमला) थोपवणाऱ्या औषधांची गोष्ट अगदी उलटी आहे. हे विकर सेरोटोनिनची विल्हेवाट लावते. ते थोपवलेले असताना एमडीएमएने सेरोटोनिन बाहेर ओतले तर ते साठतच जाते. अति साठलेल्या सेरोटोनिनमुळे रॅट कसा वागतो, याचे वर्णन १९७१ मध्ये ग्रॅहम-स्मिथ यांनी या विकराला थोपवणारे औषध आणि ट्रिप्टोफॅन (ज्यापासून शरीर सेरोटोनिन बनवते) एकत्र देऊन केले होते: पुढचे पाय एकाच जागी तुडवल्यासारखे हलत राहतात, मान डावी-उजवीकडे डोलते, मागचे पाय फाकतात, अंग थरथरते आणि ताठरते, ताप चढतो. माणसातला सेरोटोनिन सिंड्रोम याचाच भाऊ आहे. फिनलंडमध्ये मोक्लोबेमाइड हे असेच विकर थोपवणारे औषध आणि एमडीएमए एकत्र घेतल्याने झालेल्या चार मृत्यूंची नोंद २००३ मध्ये प्रसिद्ध झाली, तेव्हा जनावरांत दिसलेली गोष्ट माणसांत किती अक्षरशः खरी ठरू शकते हे स्पष्ट झाले. या विकाराच्या उपचारात सायप्रोहेप्टाडीन हे औषध वापरले जाते. आपल्याकडे अनेक आयांना ते मुलांच्या भुकेचे सिरप म्हणून माहीत असेल.

या विकराला थोपवणारे पहिले औषध, इप्रोनियाझिड, मुळात क्षयरोगासाठी आले होते. १९५२ च्या सुमारास न्यूयॉर्कमधल्या रुग्णालयात ते घेणारे क्षयरोगी अनपेक्षितपणे उत्साही झालेले दिसले आणि तिथून त्याचा प्रवास मनाच्या आजारांकडे वळला. आज आपल्याकडे औषधांना दाद न देणाऱ्या क्षयरोगावर लिनेझोलिड दिले जाते, आणि तेही हे विकर सौम्यपणे थोपवते. म्हणून नैराश्यावरच्या गोळ्या घेणाऱ्या रुग्णाला लिनेझोलिड सुरू करताना डॉक्टर सावध असतात. मुंबई-ठाण्याच्या पट्ट्यात ही शक्यता पुस्तकापुरती राहत नाही.

या सगळ्या शास्त्राच्या मुळाशी आपल्या परिसरातली एक वनस्पती आहे, हेही सांगायला हवे. मुंबईचे हृदयरोगतज्ज्ञ रुस्तम जाल वकील यांनी सर्पगंधेचा उच्च रक्तदाबावरील उपयोग १९४९ मध्ये ब्रिटिश हार्ट जर्नलमध्ये मांडला आणि जगाचे लक्ष तिच्याकडे गेले. १९५२ मध्ये तिच्यातून रेसर्पिन वेगळे काढले गेले. रेसर्पिन दिलेले ससे आणि उंदीर सुस्त होऊन पडतात, त्यांच्या पापण्या मिटतात, आणि मेंदूतला सेरोटोनिनचा साठा रिकामा झालेला असतो. पण आधी इप्रोनियाझिड देऊन मग रेसर्पिन दिले की हीच जनावरे सुस्त होण्याऐवजी उत्तेजित होत. नैराश्यावरचे संभाव्य औषध ओळखण्यासाठी पुढे कितीतरी वर्षे रेसर्पिनची ही चाचणी वापरली गेली. दोन औषधे एकाच शरीरात एकमेकांना कशी बदलतात, हे पाहतच ही शाखा उभी राहिली आहे.

जनावरांवरून माणसांकडे येताना मात्र पावलापावलावर जपावे लागते. एमडीएमए रॅटमध्ये आणि माकडांत सेरोटोनिनच्या तंतूंना इजा करते, माऊसमध्ये मात्र मुख्यतः डोपामिन या दुसऱ्या रसायनाच्या. दोन्ही उंदीरच, दिसायला लहान-मोठे भाऊ, आणि तरीही हा फरक आहे. मात्रेचा हिशोबही सरळ वजनाच्या प्रमाणात होत नाही. शरीराच्या पृष्ठभागावर आधारलेल्या प्रचलित हिशोबात प्रतिकिलो मात्रेला रॅटसाठी ६.२ ने आणि माऊससाठी १२.३ ने भागून माणसाची मात्रा काढतात, आणि एमडीएमएसाठी हा भागाकार योग्य आहे का, यावरही संशोधकांत मतभेद आहेत. यकृताचे म्हणाल तर एमडीएमए मोडणाऱ्या विकराची रॅटमधली आवृत्ती वेगळी. डार्क अगुटी जातीच्या माद्यांत ती जवळजवळ नसतेच, म्हणून ज्या माणसांत हे विकर जन्मतः मंद असते त्यांची प्रतिकृती म्हणून त्या वापरल्या जातात.

आणि कधी कधी तर कुपीवरचे लेबलच चुकते. २००२ मध्ये सायन्स या नियतकालिकात एक गाजलेला लेख आला, ज्यात एमडीएमएने माकडांच्या डोपामिन तंतूंची गंभीर हानी होते असे म्हटले होते. पुढच्या वर्षी तो मागे घ्यावा लागला, कारण त्या माकडांना एमडीएमए म्हणून प्रत्यक्षात मेथॅम्फेटामाइन हा वेगळाच नशेचा पदार्थ दिला गेला होता. त्या संशोधकांनी चूक स्वतः शोधून जाहीर केली, ही त्यातली आदराची बाब. ज्या प्राण्यांचा जीव त्यात गेला त्यांची भरपाई मात्र कशानेही होत नाही. आपल्या देशात अशा प्रयोगांना प्राणिक्रूरता प्रतिबंधक कायदा, १९६० खालच्या समितीची आणि संस्थेतल्या नीतिसमितीची परवानगी लागते. अर्जात जनावरांची संख्या का हवी, याचे उत्तर लिहिताना माझे विद्यार्थी कंटाळतात. मी त्यांना ते पुन्हा लिहायला लावते.

सर्वांत मोठी उणीव काळाची आहे. जुन्या प्रयोगांत रॅटला बहुधा फ्लुऑक्झेटीनचे एकच इंजेक्शन दिलेले असते आणि थोड्या वेळाने दुसरा पदार्थ. माणूस गोळी महिनोन् महिने घेतो, आणि त्या काळात त्याच्या चेतापेशी स्वतःला जुळवून घेत बदललेल्या असतात; गोळीचा गुण यायला दोन ते चार आठवडे लागतात, ते याच कारणाने. एलएसडी या भास निर्माण करणाऱ्या पदार्थाचे उदाहरण घ्यावे. १९९६ मध्ये रॅटवर दिसले की फ्लुऑक्झेटीन दिल्यावर एलएसडीचा परिणाम तीव्र होतो. त्याच वर्षी प्रसिद्ध झालेल्या माणसांच्या पाहणीत, दीर्घकाळ अशा गोळ्या घेणाऱ्या बहुतेकांनी एलएसडीचा परिणाम कमी झाल्याचे सांगितले, तर जुन्या ट्रायसायक्लिक गोळ्या किंवा लिथियम घेणाऱ्यांनी तो वाढल्याचे सांगितले.

जनावरांत दिसलेली काही गोष्ट माणसांत टिकलीही. झुरिचमध्ये निरोगी स्वयंसेवकांना वैद्यकीय देखरेखीखाली आधी सिटालोप्राम देऊन मग एमडीएमए दिले, तेव्हा मानसिक परिणाम स्पष्टपणे कमी झाले. बार्सिलोनातल्या अभ्यासात आधी पॅरॉक्झेटीन दिले असता परिणाम कमी जाणवले, पण रक्तातले एमडीएमए मात्र वाढलेले आढळले, कारण पॅरॉक्झेटीन यकृतातल्या एमडीएमए मोडणाऱ्या विकराला अडवते. ज्याला 'काही चढतच नाही' असे वाटते, त्याच्या रक्तात तो पदार्थ इतरांपेक्षा जास्त असू शकतो, आणि नेमका तोच माणूस एक्स्टसीची आणखी एक गोळी घेण्याची शक्यता अधिक.

औषधाच्या दुकानाशी संबंध असल्यामुळे मला एक्स्टसीपेक्षाही ट्रामाडोल हे वेदनाशामक आणि कोडीन यांची धास्ती अधिक वाटते. कोडीनचे खोकल्याचे सिरप नशेसाठी पिणे आपल्या भागात जुनेच आहे. ट्रामाडोल एप्रिल २०१८ मध्ये एनडीपीएस, म्हणजे अमली पदार्थांविषयीच्या, कायद्याखाली आले. ते अफूच्या जातीचे काम करते आणि शिवाय सेरोटोनिनचे पुनर्ग्रहणही अडवते; नैराश्यावरच्या गोळीबरोबर ते घेतले तर सेरोटोनिन सिंड्रोम आणि आकडी, दोन्हींचा धोका वाढतो. त्यातच पॅरॉक्झेटीन किंवा फ्लुऑक्झेटीन चालू असेल तर ट्रामाडोल आणि कोडीन यांचे यकृतात होणारे परिणामकारक रूपांतर मंदावते. माणसाला गुण कमी वाटतो, तो मात्रा वाढवतो. बार्सिलोनातली गोष्ट इथे दुसऱ्या पदार्थाच्या रूपाने पुन्हा समोर येते.

यातूनच निघालेला एक प्रकार मी अलीकडे अनेकदा ऐकला आहे, आणि त्याने मी खरोखर अस्वस्थ होते. सहलीच्या किंवा पार्टीच्या आधी दोन-तीन दिवस नैराश्याची गोळी बंद ठेवायची, म्हणजे नशा 'लागते'. फ्लुऑक्झेटीन आणि त्याचे उपउत्पादन शरीरातून जायला आठवडे लागतात, त्यामुळे त्या दोन-तीन दिवसांनी फारसे साधत नाही. पॅरॉक्झेटीनसारखी लवकर उतरणारी गोळी अचानक थांबवली तर चक्कर, मळमळ, झोपमोड, चिडचिड सुरू होते. आणि ज्या आजारासाठी गोळी सुरू केली होती तो दबा धरून बसलेलाच असतो. आपल्या आईवडिलांना गोळीचे पाकीट दाखवणारा आणि त्यातली गोळी न घेणारा मुलगा डॉक्टरांसमोर काय सांगेल? त्याने सांगावे यासाठी त्याला दोन गोष्टी माहीत असायला हव्यात. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ च्या कलम २३ ने त्याच्या उपचारांविषयीच्या गोपनीयतेचा हक्क मान्य केला आहे, आणि एनडीपीएस कायद्याच्या कलम ६४अ मध्ये स्वतःहून उपचारासाठी पुढे येणाऱ्या व्यसनी माणसाला, अल्प मात्रेच्या व सेवनाच्या गुन्ह्यांत, खटल्यापासून संरक्षणाची तरतूद आहे. ठाण्यातल्या किती पालकांनी हे ऐकले असेल?

राहिले मेफेड्रोन. १९२९ मध्ये प्रथम तयार झालेला आणि आपल्याकडे फेब्रुवारी २०१५ मध्ये एनडीपीएस कायद्याच्या यादीत आलेला हा पदार्थ रॅटच्या मेंदूत डोपामिन आणि सेरोटोनिन दोन्ही झपाट्याने वाढवतो. माऊसवरच्या प्रयोगांत तो एकटा डोपामिनच्या तंतूंना इजा करत नाही असे दिसले, पण मेथॅम्फेटामाइनबरोबर दिला की त्याची हानी तो वाढवतो. नैराश्यावरच्या गोळ्यांबरोबर त्याचे काय होते, याविषयीचे काम एमडीएमएच्या तुलनेत फारच थोडे आहे, आणि आमच्या भागात पकडला जातो तो पदार्थ नेमका हाच. म्हणून माझ्याकडे संशोधनाचा विषय मागायला येणाऱ्यांना मी एकच आराखडा सांगते: एस्सिटालोप्राम एका इंजेक्शनऐवजी कित्येक आठवडे तोंडावाटे द्यावे, नर आणि मादी दोन्ही घ्यावेत, खोलीचे तापमान २२ आणि ३० असे दोन ठेवावे, जनावरे एकेकटी आणि गटाने अशी दोन्ही प्रकारे ठेवावीत, आणि मेंदूतल्या सेरोटोनिनच्या आकड्याशेजारी शरीराच्या तापमानाचा आकडा त्याच तक्त्यात छापावा.